उपाशी प्लेटा

४ जानेवारी

रसायनं विकणारा माणूस दर वर्षी एक डायरी देऊन जातो आणि दर वर्षी मी ती भाचीला चित्रं काढायला देते. यंदा ठेवून घेतली. प्रयोगाच्या वहीत 'असे दिसून आले' असं लिहावं लागतं, जणू बघायला तिथे कोणी नव्हतंच. मला जे दिसलं ते मी इथे लिहिणार, आणि ज्याचा राग आला तेही.

आज दिसलं ते असं. थोरली उपाशी प्लेटवर वाढली.

थोरली म्हणजे तंबाखूच्या पेशी. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पानाच्या तुकड्यापासून काढल्या आणि तेव्हापासून बाटलीत जगवते आहे. जुनी झाली की नव्या बाटलीत हलवायची, बस. दिसायला ओल्या भुशाचा गोळा. पेशींना साखर लागते, क्षार लागतात आणि हॉर्मोनचा थेंब लागतो. थेंब नसेल तर त्या तपकिरी पडून मरतात. हॉर्मोन नसलेल्या प्लेटला आम्ही उपाशी प्लेट म्हणतो.

डबक्यावर तरंगणारी टिकलीएवढी एक वनस्पती असते, बघता बघता सगळं डबकं झाकून टाकते. तिच्यातलं एक जनुक मी काढलं, जीवाणूकरवी थोरलीच्या पेशींत घातलं, आणि त्या पेशी उपाशी प्लेटवर ठेवल्या. आज गोळा चांगला बोराएवढा झालाय. परक्या जनुकाने तिला हॉर्मोनची गरजच ठेवली नाही.

तुलनेसाठी ताज्या पानाच्या, जनुक न घातलेल्या पेशी तशाच उपाशी ठेवल्या होत्या. त्या मेल्या. खरं तर तुलनेला थोरलीचाच जनुक नसलेला, कोरा गोळा हवा. पण तिला नुसतंच उपाशी मारायचं माझ्या जिवावर आलं. मरणार हे ठाऊक असताना कशाला? तंबाखू तो तंबाखू.

जूनअखेर मी निवृत्त होते. म्हणजे होणार होते. आता बघू.

१३ जानेवारी

संस्थेने मला एक मदतनीस दिली आहे. कंत्राटावर आलेली, परदेशातून शिकून आलेली, बोलायला मऊ. सगळे तिला 'नवी' म्हणतात. मऊ बोलणारी माणसं मला नेहमीच संशयास्पद वाटतात. ओरडणाऱ्याचं निदान कळतं तरी काय हवंय ते.

आज ती थोरलीच्या बाटल्या बघत होती. म्हणाली, "मॅडम, हिला हॉर्मोन किती घालता?"

मी खरं ते सांगितलं. मधली काही वर्षं अशी गेली की पैसे मंजूरच व्हायचे नाहीत. हॉर्मोनची बाटली तळाला गेलेली. मी थेंबाचा अर्धा केला, मग पाव केला, मग पिपेटचं टोक नुसतं बुडवून काढायचे. थोरलीने कधी कुरकुर केली नाही. पुढे पैसे आले तरी मी हात सैल सोडला नाही. गेल्या दोन वर्षांत तर कितीदा घालायचं विसरलेही असेन. "काटकसरीत वाढलेली आहे ती," मी म्हटलं, "तुमच्या पिढीसारखी नाही."

नवी हसली नाही. बाटलीकडे बघत राहिली. विनोद कळत नाही बिचारीला.

घरी आले तर सगळे जेवून उठले होते. पूर्वी धाकटा भाऊ माझ्यासाठी थांबायचा. मीच सांगितलं होतं थांबू नका, आता शहाणे झालेत. दुकान बुडाल्यावर बायको आणि पोरीला घेऊन तो माझ्याकडे आला, तेव्हा या घराला शिस्त नावाची गोष्ट माहीत नव्हती. पोरीचं गणित मी रोज घेत असे. पुढे फक्त रविवारी. हल्ली तीच सोडवते आणि मी सही करते. पाया मी घातलाय म्हणून चाललंय.

२१ जानेवारी

संचालकांनी बोलावलं. माझ्या वयाच्या निम्म्या माणसाला 'सर' म्हणताना जीभ अडखळते, पण म्हणते. ते म्हणाले, "मॅडम, हे सिद्ध झालं तर दोन वर्षांची मुदतवाढ नक्की. समिती एप्रिलमध्ये बसेल. फक्त दुसऱ्या हातून एकदा करून घ्या. नवीला सांगा."

"आणि सिद्ध नाही झालं तर?"

"तर तुमची पेशी-संवर्धनाची खोली कोणाला तरी द्यावीच लागेल ना."

कोणाला तरी! कोणाला ते भिंतींनाही माहीत आहे. ती खोली मी उभी केली. तिथल्या प्रत्येक नळीची जागा मला डोळे मिटून सांगता येते. आणि नवी येऊन बसणार तिथे, आयत्या बिळावर नागोबा.

खोली गेली की मी काय करायचं? सकाळी उठून कुठे जायचं? हा प्रश्न मी कोणाला विचारलेला नाही, विचारणारही नाही. पण इथे लिहायला हरकत नाही की मला त्याची भीती वाटते.

१० फेब्रुवारी

नवीच्या प्लेटा आज बघितल्या. सगळ्या तपकिरी. तिने माझंच जनुक ताज्या पानाच्या पेशींत घातलं, उपाशी प्लेटवर ठेवलं, आणि सगळ्या मेल्या.

मी म्हटलं, "जनुक शिरलंच नसेल."

"शिरलंय मॅडम. तपासलं तीनदा."

"मग हात थरथरला असेल कुठेतरी."

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "हॉर्मोन दिलेल्या प्लेटांवर या पेशी जगतात. पण जनुक न घातलेल्यांपेक्षा मंद वाढतात. परकं जनुक चालवायचं ओझं होत असेल पेशीला. मॅडम, थोरलीचा कोरा गोळा उपाशी ठेवून बघितलाय का आपण?"

आपण म्हणे. मला इतकी चीड आली की हातातला चिमटा मी टेबलावर आपटला. सांगितलं की तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी पेशी वाढवते आहे, हॉर्मोनशिवाय काय होतं हे मला शिकवायला कोणाची गरज नाही. पानाच्या पेशी मेल्या, ती तुलना पुरेशी आहे.

"पण थोरली पानाची राहिली आहे का आता?" ती हळूच म्हणाली.

पालथ्या घड्यावर पाणी. मी बाहेर निघून गेले.

११ फेब्रुवारी

तो प्रयोग करायला फार काही लागत नाही. एक प्लेट आणि एक गोळा. पण तिने सांगितला म्हणून मी करणार नाही.

२३ फेब्रुवारी

समोरच्या खोलीत बुरशीवाले बसतात. तीस वर्षं बुरशांचा अभ्यास करून माणूस थोडा बुरशीसारखाच झालाय, ओल दिसली की पसरतो. चार वाजता माझ्याकडे चहाला येतात. आज म्हणाले, "बाई, ती पोरगी चांगली आहे हो. भांडू नका तिच्याशी."

"नव्याचे नऊ दिवस," मी म्हटलं.

"तिने मला काहीतरी विचारलं तुमच्या थोरलीबद्दल."

"तुम्हाला विचारून काय उपयोग, तुमच्या पेशी ब्रेडवरही वाढतात."

ते हसले, पण कप अर्धाच ठेवून गेले. कधी नव्हे ते.

रात्री जेवताना धाकट्याने एक पुडी सोडली. ज्या चष्म्याच्या दुकानात तो नोकरी करतो, त्यांची शहराच्या दुसऱ्या टोकाला शाखा निघते आहे आणि ती त्याने सांभाळावी म्हणतात. वर दोन खोल्या राहायला. मी विचारलं, "आणि तुम्ही राहाल तिथे? तिघंच?"

भावजय पाणी आणायला उठली. धाकटा म्हणाला, "ताई, अजून ठरलं कुठे काय."

ठरणारही नाही. स्वतःचं दुकान ज्याला वर्षभर चालवता आलं नाही, तो दुसऱ्याचं काय चालवणार? बायको दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घेते, तिला घरभाडं म्हणजे काय ते माहीत नाही. महिन्याभरात परत येतील. मी तसं बोलून दाखवलं. मागाहून वाईट वाटलं, पण खरं ते खरं.

९ मार्च

आठवडाभर दुसऱ्या गावी व्याख्यानं देऊन आज परत आले. दार उघडताना आतून हसण्याचा आवाज येत होता. मी आत गेले आणि तो थांबला.

जेवणाचं टेबल खिडकीपाशी सरकवलेलं होतं. मी फक्त बघितलं, तर धाकट्याने ते उचलून परत जागेवर नेलं. स्वयंपाकघरात निळ्या काठाचे कप धुऊन पालथे घातलेले. ते कप पाहुण्यांसाठी आहेत, कपाटात कुलपात असतात. किल्ली मी घाईत विसरले होते.

"कोण पाहुणे आले होते?" मी विचारलं.

"कोणी नाही," भावजय म्हणाली. "असेच काढले, ताई. आम्हीच प्यायलो."

भाचीने गणिताचा पेपर दाखवला. आजवरचे सर्वांत जास्त गुण. परीक्षा मी नसतानाच झाली. मी म्हटलं, बघ, शिकवलेलं कधी वाया जात नाही.

१४ मार्च

हे आजच लिहायला हवं.

संवर्धनाच्या खोलीत मागच्या फळीवर, पुठ्ठ्याच्या खोक्यामागे मला सहा प्लेटा सापडल्या. झाकणावर नवीच्या हस्ताक्षरात 'थोरली' आणि 'उपाशी', बाकी काही नाही. आतले गोळे माझ्या जनुकवाल्या गोळ्यांपेक्षा मोठे. मोठे म्हणजे दीडपट. पांढरे, टवटवीत, कडेने फुगलेले.

मी तिथेच स्टुलावर बसले. सगळं लख्ख कळलं. माझी थोरली चोरली, माझं जनुक घेतलं, त्यात आपलं काहीतरी डोकं लढवलं, आणि माझ्याहून चांगलं करून ठेवलं. मी परगावी असताना. माझ्याच खोलीत. समिती बसली की ही खोक्यामागून सहा प्लेटा काढणार आणि म्हातारीला घरी पाठवणार.

मी विचार केला नाही. विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल. सहाही प्लेटा उचलल्या, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे जंतू मारायच्या आमच्या मोठ्या कुकरमध्ये घातल्या आणि वाफ सोडली. बाहेर काढल्या तेव्हा सगळ्यांचा चिखल झाला होता.

नवी आली तेव्हा मी झाकणं कचऱ्याच्या डब्यात टाकत होते. तिने नुसतं बघितलं. मी म्हटलं, "चोरी करायची तर निदान खोकं तरी मोठं घ्यायचं."

तिने डब्यातलं एक झाकण उचलून टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "मॅडम, त्यात काहीच घातलेलं नव्हतं."

चोराच्या उलट्या बोंबा. काहीच घातलं नव्हतं आणि दीडपट वाढले! मला काय पहिलीतली पोर समजते? मी विचारलं, मग लपवले का होते? म्हणाली, "तुम्हाला आधी एकटीला दाखवायचे होते. तुम्ही परत आल्यापासून रोज ठरवत होते, आज सांगू, उद्या सांगू."

आणि रडली. रडण्याने काही सिद्ध होत नाही.

१७ मार्च

लेखी तक्रार दिली. संचालकांना भांडणं नकोत आणि समितीपुढे चांगली बातमी हवी आहे. नवीचं कंत्राट या महिन्यात संपत होतंच. ते पुढे चालवणार नाहीत. जाताना तिने टेबल पुसलं, पिपेटा ओळीने लावल्या, आणि माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "येते मॅडम." मी मान वर केली नाही.

बुरशीवाले दोन दिवस चहाला आले नाहीत. न येवोत.

२८ मार्च

बुरशीवाले आले. बसले नाहीत. दारात उभे राहून म्हणाले, "बाई, एक प्लेट लावा. तिचं तोंड बंद करायला म्हणून लावा, पण लावा."

"तिचं तोंड बंदच आहे."

"मग तुमच्या मनाचं तोंड बंद करायला लावा."

माणूस गेल्यावर खोली एकदम मोठी वाटली. तिचा खोटेपणा एकदा कागदावर येऊ दे म्हणून मी थोरलीचे कोरे गोळे सहा उपाशी प्लेटांवर ठेवले. शेजारी जनुकवाले सहा. ठेवताना थोरलीची माफी मागितली, मनातल्या मनात. मरतील बिचारे.

घरी धाकट्याने सांगितलं, दुकानाचं ठरलं. एप्रिलच्या शेवटी जाणार. तो बोलताना भाची माझ्याकडे बघत होती, भावजय ताटाकडे. मी म्हटलं, "तुमची मर्जी. परत यायचं झालं तर खोली आहे."

१७ एप्रिल

मेले नाहीत.

मधे मी प्लेटा बघितल्या नव्हत्या. मुद्दाम. समितीचे तक्ते करते आहे, वेळ नाही, असं स्वतःला सांगत होते. आज सकाळी झाकणं उघडली. सहाही कोरे गोळे पांढरे, टवटवीत, कडेने फुगलेले. मी ते आधी पाहिलेले आहेत. अगदी असेच वाफेत घातले होते.

वजनं केली. तीनदा केली. काट्यावर विश्वास बसेना म्हणून बुरशीवाल्यांचा काटा आणला. कोरी थोरली जनुकवाल्या थोरलीपेक्षा दीडपट.

म्हणजे हॉर्मोनची सवय तिची केव्हाच सुटलेली होती. मीच सोडवली. अर्धा थेंब, पाव थेंब, नुसतं टोक बुडवायचं, मग तेही विसरायचं. तिने आपलं आपण भागवायला शिकून घेतलं आणि मला पत्ता नाही. मी समजत होते माझ्यामुळे जगते आहे. आणि वर मी तिच्यात जे घातलं, ज्याच्यावर माझी दोन वर्षं अवलंबून आहेत, त्याने तिला वाढवलं नाही. जड केलं. जनुक नसतं तर ती याहून सुखात असती.

नवीने मला हे फेब्रुवारीत सांगितलं होतं, माझ्याच टेबलाशी उभं राहून. तिने काहीच घातलेलं नव्हतं.

१९ एप्रिल

कोणाला कळणार आहे? नवी गेली. तिच्या प्लेटा मीच नष्ट केल्या. या सहा आणखी घातल्या वाफेत की संपलं. बुरशीवाल्यांना मी सांगेन, मेल्या. दोन वर्षं खोली माझी. कोणाचं वाकडं होतं यात?

दिवसभर हेच चाललंय. आपण इतक्या हलक्या असू असं मला वाटलं नव्हतं.

२० एप्रिल

संचालकांना सांगितलं. म्हणजे प्लेटाच टेबलावर नेऊन ठेवल्या. त्यांनी झाकणावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मॅडम, वरपर्यंत बातमी गेली आहे. आता कोरे गोळे कशाला दाखवायचे? कोणी मागितलेत का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते किती घाण वाटतं ते कळलं. काल मी स्वतःला हेच सांगत होते, फक्त म्हण वापरली नव्हती.

२३ एप्रिल

समिती झाली. सात माणसं, पाण्याचे सात पेले. मी पहिला तक्ता लावला तो कोऱ्या थोरलीचा. सांगितलं की जनुकाने वाढ होत नाही, उलट मंदावते. पेशींना हॉर्मोन लागेनासं झालंय ते माझ्या कंजुषीमुळे. तुलना मी चुकीची लावली. आणि ही चूक माझ्या मदतनीस मुलीने दोन महिन्यांपूर्वी पकडली होती, तेव्हा मी तिला चोर ठरवून घालवलं.

मला वाटलं होतं, इतकं बोलल्यावर काहीतरी हलकं वाटेल. तसलं काही झालं नाही. एका सदस्याने घड्याळ बघितलं. एकाने विचारलं, "मग मुदतवाढीचा अर्ज मागे घेताय असं समजायचं का?" संचालक खिडकीबाहेर बघत होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाहेर बुरशीवाले उभे होते. म्हणाले, "चहा?" मी म्हटलं, नको. मग प्यायले.

२९ एप्रिल

धाकट्याचं सामान गेलं. एका टेम्पोत मावलं. इतकं थोडं सामान होतं त्यांचं हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, घर त्यांच्याच पसाऱ्याने भरलंय. निघताना मी कपाट उघडलं आणि निळ्या काठाचे कप भावजयीच्या हातात ठेवले. म्हटलं, नवं घर आहे, पाहुणे येतील, असावेत.

तिचे डोळे भरले. "ताई, हे तुमचे आवडते," म्हणाली.

"मी कुठे काढते कधी," मी म्हटलं.

१२ मे

नवीचा फोन नंबर बुरशीवाल्यांकडे होता. तीन दिवस कागदाची घडी पर्समध्ये फिरवली, आज लावला. ती कुठल्याशा रोपवाटिकेच्या प्रयोगशाळेत लागली आहे. मी पाठ केलेलं सगळं बोलले. समितीत काय सांगितलं ते सांगितलं. म्हटलं, संचालकांना मी लिहून दिलंय, तू परत ये, खोली तुलाच मिळायला हवी.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग त्याच मऊ आवाजात म्हणाली, "नको मॅडम. इथे माझं बरं चाललंय."

तिने ओरडायला हवं होतं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं.

फोन ठेवताना म्हणाली, "थोरलीचं काय करणार?"

त्याचा विचार मी टाळत होते. खोली रिकामी करायची तर तिला वाफेत घालावं लागणार. म्हटलं, पाठवू का तुझ्याकडे? हो म्हणाली. उद्या दोन बाटल्या पाठवते. सोबत चिठ्ठी लिहिली, हॉर्मोन घालू नकोस. लिहिल्यावर जाणवलं की तिला ते माझ्याआधीपासून माहीत आहे. चिठ्ठी फाडली.

३० जून

निरोप समारंभ झाला. संचालकांनी माझ्या योगदानावर भाषण केलं. योगदान कुठलं ते सांगितलं नाही. खोलीची किल्ली मी परत दिली. पुढच्या आठवड्यापासून तिथे फायली ठेवणार आहेत म्हणे.

६ जुलै

सकाळी उठून कुठे जायचं, त्याचं उत्तर मला आज सुचलं. धाकट्याकडे. पोरीची शाळा सुरू झाली असेल, या वर्षी बीजगणित येतं, ते तिला माझ्याशिवाय झेपणार नाही. आता वेळ आहे, रोज जाईन. जुनी पुस्तकं पिशवीत घातली. कळवलं नाही, घरच्या माणसांना काय कळवायचं.

खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. धाकट्याने मला बघितलं, हसला, आणि "वर जा ताई, आलोच" म्हणून पुन्हा कोणाच्या तरी डोळ्यांत बघायला लागला. त्याचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. मोठा, भरदार.

वर टेबल खिडकीपाशी होतं. भिंतीवर भाचीची चित्रं, माझ्या जुन्या डायऱ्यांच्या पानांवर काढलेली. ती शिकवणीला निघाली होती. शिकवणीला म्हणजे शिकायला नाही. खालच्या मजल्यावरच्या दोन मुलांना ती गणित शिकवते. माझ्या पाया पडली, "आत्या, थांब हं, तासाभरात येते," म्हणून जिना धडाधड उतरली. आमच्या घरात ती पाय न वाजवता चालायची.

पिशवी मी खुर्चीखाली सरकवली.

भावजय फार आनंदली, खोटं नाही. जेवून जा म्हणाली. मी म्हटलं, काही मदत करू? "छे, ताई. तुम्ही बसा." कामाला हात लावू दिला नाही. उशी आणून पाठीमागे ठेवली, पंखा माझ्याकडे वळवला.

मग चहा आणला. तिच्या हातात रोजचा कप होता, कान तुटलेला, माझ्याच घरून आणलेला. मला तिने निळ्या काठाच्या कपातून दिला, बशीसकट.